हेल्मेटआडचा माणूस

रविवारी पहाटे, फजरची नमाज आटोपून लोक घरी परतत असतात तेव्हा, आमच्या कोथरूडच्या पौड रस्त्यावर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. दुधाच्या आणि वर्तमानपत्रांच्या गाड्यांमधून आठ-दहा मोटारसायकलींची रांग धडधडत चांदणी चौकाकडे निघते. भूगाव, पिरंगुट, मुळशी मागे टाकून ही मंडळी ताम्हिणीच्या अंगाला कुठल्यातरी पाणंदीत शिरतात आणि दुपारी चिखलाने माखून परत येतात. मग सोसायटीच्या नळाला पाइप लावून गाड्या धुणं आणि पाणी वाया घालवल्याबद्दल सेक्रेटरींची बोलणी खाणं, हा कार्यक्रमाचा दुसरा भाग. या रांगेत माझा एक भाचाही असतो. त्याची अम्मी दर शनिवारी रात्री माझ्याकडे फोनवर रडगाणं गाते, "आपा, तुम्हीच समजवा त्याला. सरळ रस्ता असताना खड्ड्यात गाडी घालण्यात कसला आलाय शौक?"

या शौकाला ऑफरोडिंग म्हणतात. डांबरी रस्ता सोडायचा. मुरूम, खडी, चिखल, ओढा, उभा चढ असं काहीतरी शोधायचं आणि गाडी न पाडता पलीकडे जायचं. वेग इथे फारसा उपयोगी पडत नाही, तोल लागतो. काहींच्या मोटारसायकली, काहींच्या जुन्या जीप. जीपवरून एक गोष्ट सांगते, आपल्या वाचकांना गंमत वाटेल. आज जी कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' म्हणून सगळ्या जगाला माहीत आहे ती १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव बदललं. भाच्याच्या गटातल्या एका जीपवाल्याला मी हे सांगितलं, तर त्याने आपल्या जीपच्या बॉनेटकडे असं पाहिलं जणू ती गाडी आजच पहिल्यांदा दिसतेय.

असो. हा लेख जीपवर नाही. या मुलांच्या ग्रुपवर दरवर्षी ७ जानेवारीला एका माणसाचा फोटो पडतो. लाल मोटारसायकल, पाठीमागे सामानाच्या पेट्या, उंच आणि गंभीर चेहऱ्याचा माणूस. खाली कोणी काही लिहीत नाही. हा कोण, म्हणून मी विचारलं. भाचा म्हणाला, "खाला, हा आमच्यातला होता. आणि ढोल वाजवायचा." इतकं कमी करून सांगितलेलं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही. कारण तो माणूस होता नील पिअर्ट, कॅनडातल्या 'रश' या रॉक बँडचा ड्रमवादक आणि त्यांच्या बहुतेक गाण्यांचा लेखक. लाखो लोक त्याला जगातल्या सर्वोत्तम ड्रमवादकांपैकी एक मानत.

रॉक हा शब्द आपल्या घरांत फारसा फिरत नाही, हे मला ठाऊक आहे. संगीताबद्दलच आपल्यात मतं वेगवेगळी, त्यात हे कर्णकर्कश प्रकरण! तरी मराठीला रॉक अगदी परका नाही. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे १९७४ साली अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास होऊन गायला. चार वर्षांनी पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणलं, दिग्दर्शक आपले जब्बार पटेल, तेव्हा त्यातला अंकुशही हाच नंदू भेंडे होता. २०१४ साली ते गेले. तेव्हा हे संगीत आपल्याला आवडो न आवडो, ते आपल्या अंगणाच्या अगदी बाहेरचं आहे असं मानायचं कारण नाही. आणि मला सांगायचं आहे ते पिअर्टच्या संगीताबद्दल थोडं आणि त्याच्या दुःखाबद्दल जास्त.

पिअर्टचा जन्म १२ सप्टेंबर १९५२ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टनचा. वडील शेतीची यंत्रं विकत. १९७४ साली जुलैअखेर तो 'रश'मध्ये दाखल झाला. गेडी ली आणि अलेक्स लाइफसन हे दोघे आधीपासून होते. त्यानंतर चाळीस वर्षं हे तिघंच, चौथा कोणी आला नाही की कोणी सोडून गेला नाही. एवढी वर्षं भागीदारीतलं दुकानसुद्धा टिकत नाही हो! नाव झालं, पैसा आला. पण हा माणूस गर्दीला लाजायचा. चाहत्यांना भेटणं, हात मिळवणं, गप्पा मारणं त्याला जमायचं नाही. कार्यक्रम संपला की तो टाळ्या थांबायच्या आत मागच्या दाराने निघून गेलेला असे.

जात कुठे असे? आधी सायकलवर. दौऱ्यातल्या दोन गावांमधलं अंतर तो सायकलने कापायचा, सुट्टीत आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये सायकल घेऊन गेला आणि त्यावर एक पुस्तकही लिहिलं. नव्वदीच्या दशकात सायकलीची जागा मोटारसायकलने घेतली. रात्री कार्यक्रम संपला की बस निघायची, मागे ट्रेलरमध्ये गाड्या. कुठल्यातरी ट्रकथांब्यावर झोप काढायची, सकाळी गाड्या उतरवायच्या आणि आडरस्त्यांनी, जमेल तिथे कच्च्या रस्त्यांनी, एका सोबत्याबरोबर पुढच्या गावाला पोहोचायचं. संध्याकाळी पुन्हा हजारो लोकांसमोर ड्रमच्या मागे. म्हणजे दिवसभर अंगावर धूळ घेणारा एक अनोळखी वाटसरू आणि रात्री उस्ताद.

उस्ताद हा शब्द मी मुद्दाम वापरला. १९९४च्या सुमाराला, वयाची चाळिशी ओलांडल्यावर आणि सगळं मिळाल्यावर, हा माणूस फ्रेडी ग्रुबर नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकाकडे शागीर्द म्हणून जाऊन बसला. काठी धरायची कशी इथपासून पुन्हा शिकला. आपल्याकडे चार मैफली गाजल्या की माणूस उस्तादाचं नाव घेतानाही घाई करतो.

आता मुख्य गोष्ट. १९९७च्या जुलैमध्ये बँडचा दौरा संपला. १० ऑगस्टला त्याची एकुलती एक मुलगी सेलीना, वय एकोणीस, विद्यापीठाचं शिक्षण सुरू करण्यासाठी गाडी चालवत टोरांटोकडे निघाली होती. महामार्गावर अपघात झाला. ती पोहोचली नाही. दफनाच्या वेळी पिअर्टने आपल्या दोन्ही साथीदारांना सांगितलं की मला निवृत्त झालेला समजा. सेलीनाची आई जॅकी तर उठलीच नाही त्यातून. दोघं घर सोडून लंडनला जाऊन राहिले, काही उपयोग झाला नाही. पुढच्या जानेवारीत तिला कॅन्सर असल्याचं निघालं आणि २० जून १९९८ला तीही गेली. पिअर्टचं म्हणणं असं की कागदावर कॅन्सर लिहिलं असलं तरी ती मुलीच्या दुःखानेच गेली. दहा महिन्यांत घरात एकटा माणूस उरला. वय पंचेचाळीस.

२० ऑगस्ट १९९८ रोजी क्युबेकमधल्या तळ्याकाठच्या घरातून तो मोटारसायकलवर निघाला. कुठे, ते ठरलेलं नव्हतं. इथे मला थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण माझी बहीण हे वाचेल. मुलीला रस्त्याने नेलं होतं. आणि बाप त्याच रस्त्यावर जाऊन बसला. मी आई असते तर त्याच्या हातातून किल्ली हिसकावली असती. पण त्याच्या घरात किल्ली हिसकावणारं कोणी राहिलंच नव्हतं.

तो पश्चिमेला गेला, मग उत्तरेला. कॅनडाच्या टोकाशी इनुविक नावाचं गाव आहे, तिथे जाणारा डेम्पस्टर हायवे हा सातशेहून जास्त किलोमीटरचा निव्वळ खडीचा रस्ता. तिथली जमीन आत बारा महिने गोठलेली असते. वर डांबर तापलं तर खालचा बर्फ वितळून रस्ता खचेल, म्हणून जाड खडीचा थर घालून त्यावरून वाहनं नेतात. पावसात त्याचा राडा होतो. भाच्याच्या गटाला पिअर्ट 'आमच्यातला' वाटतो तो अशा रस्त्यांमुळे. तिथून अलास्का, मग किनाऱ्याने खाली अमेरिकेची वाळवंटं, मेक्सिको, बेलीझ. मध्ये हिवाळ्यात घरी परतला, पुन्हा निघाला. चौदा महिन्यांत पंचावन्न हजार मैल झाले, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर. पृथ्वीला दोन फेऱ्या मारून वर थोडं उरेल एवढं.

याच प्रवासावर त्याने २००२ साली 'घोस्ट रायडर' हे पुस्तक लिहिलं. भाच्याकडून घेऊन ते मी वाचलं. सगळं पुस्तक सारख्या योग्यतेचं नाही. कुठे काय खाल्लं, कुठल्या मोटेलची खोली कशी होती, याचे तपशील बरेच. रात्रीच्या दारूचे उल्लेखही आहेत, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. तो कोणताही धर्म मानणारा नव्हता. आपल्याला जो आधार सवयीने हाताशी असतो, 'इन्ना लिल्लाही' म्हणून मान खाली घालण्याचा, तो त्याच्याकडे नव्हता. म्हणूनच मला ते पुस्तक वाचवत गेलं. टेकायला काहीच नसलेला माणूस कशावर टेकतो, हे त्यात दिसतं.

त्यातली एक कल्पना मी विसरू शकत नाही. तो म्हणतो की माझ्यात जे काही जिवंत उरलं होतं ते एखाद्या तान्ह्या बाळासारखं होतं, अगदी लहान, रडवेलं. बाळ गप्प बसत नसेल तर आपण काय करतो? त्याला फिरवून आणतो. गाडी हलत राहिली की ते शांत होतं. म्हणून तो आपल्या जिवाला फिरवायला निघाला. हे वाचलं आणि मला आपली झोळी आठवली. साडीच्या किंवा ओढणीच्या झोळीत टाकून झोका दिला की दात येणारं पोरसुद्धा निजतं, हे कुठल्या आईला सांगावं लागतं? मोठ्या, मिशीवाल्या माणसालाही तसाच झोका लागू शकतो, हे मात्र आपण कधी मनावर घेत नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या पत्रांची. ब्रूटस हे टोपणनाव असलेला त्याचा एक मित्र होता, मोटारसायकलवरचा जुना सोबती. दोघं या प्रवासात पुढे भेटणार होते. पण सीमेवर गांजासकट सापडला आणि अमेरिकेच्या तुरुंगात गेला. पिअर्ट रोज संध्याकाळी मोटेलात बसून त्याला लांबलचक पत्रं लिहायचा. आज कुठला रस्ता, कोणता पक्षी दिसला, मन कसं होतं. एक माणूस अख्खं खंड पालथं घालतोय आणि दुसऱ्याला कोठडीबाहेर पाऊल टाकता येत नाही. पण मन मोकळं करायला पिअर्टला तोच सापडला. गुन्हेगार मित्राला पत्र लिहायची लाज त्याला वाटली नाही. गावभर 'कसे आहात' विचारणारे असतात. ज्याला खरं उत्तर द्यावंसं वाटतं तो एखादाच, आणि तो नेमका चारचौघांत नाव न घेण्यासारखा निघू शकतो.

आता माझ्या मामूंबद्दल. मुमानी गेल्या त्याला काही वर्षं झाली. तीन दिवस घरात माणूस मावत नव्हता. शेजारच्या मराठे काकूंकडून जेवण आलं, नातेवाईक आले, कुरआनखानी झाली. चौथ्या दिवशी चपला मोजता येतील एवढ्या उरल्या. विधवेला आपल्यात इद्दत आहे, चार महिने दहा दिवस. निदान तेवढे दिवस तिच्या दुःखाला घरात जागा असते. लोक जपून बोलतात. पुरुषाला असं काहीच नाही. त्याने चौथ्या दिवशी दुकान उघडावं अशीच सगळ्यांची अपेक्षा. मामूंनी दुकान उघडलं. पण दुपारी ते मुलाच्या हाती देऊन स्वतः जुनी स्कूटर घेऊन निघायचे. चांदणी चौक ओलांडून मुळशीच्या पाण्यापर्यंत. रस्ता मोकळा असेल तर पुढे, फाट्याने आत, जिथे डांबर संपतं तिथपर्यंत. अस्रच्या नंतर परत. उन्हातान्हात, पावसातसुद्धा.

खानदानात कुजबुज सुरू झाली. चाळिसावा व्हायच्या आत हे सैर करायला लागले! कोणी म्हणालं दुसरं लग्न लावून द्या, डोकं ठिकाणावर येईल. मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. एकदा चहा देताना तेच म्हणाले, "घरात बसलो की तिच्या औषधांच्या डब्याकडे नजर जाते. स्कूटरवर बसलो की खड्ड्यांकडे बघावं लागतं." बस, एवढंच. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

खड्ड्यांकडे बघावं लागतं, हेच ऑफरोडिंगवालेही आपल्या भाषेत सांगतात. डांबरी रस्त्यावर गाडी आपोआप चालते आणि मन मोकाट सुटतं. खडीवर, उतारावर प्रत्येक दोन हातांचं अंतर निवडून चालावं लागतं. पुढचं चाक कुठे, वजन कुठे, ब्रेक किती. एवढं लक्ष एका जागी बांधलं गेलं की दुःखाला बसायला जागा मिळत नाही. ते संपतं असं नाही. गाडी थांबली की परत येऊन बसतं. पण दिवसातले चार तास सुटका होते. आणि सोबतचे लोक काही विचारत नाहीत. हेल्मेटच्या आत माणूस रडतोय की गातोय, कोणाला कळणार? ओढ्यात गाडी अडकली की चौघं येऊन ढकलतात, नाव-गाव-धर्म नंतर. भाच्याच्या गटात कोणाची नोकरी गेलेली आहे, कोणाचा तलाक झालेला आहे, हे त्याला अनेक महिन्यांनी कळलं. कोण क्लच कसा दाबतो हे मात्र पहिल्याच दिवशी.

याचा अर्थ या शौकाचं मला सगळंच पटतं असं नाही. टेकड्यांच्या उतारांवर गाड्या घालणाऱ्यांचं मला अजिबात कौतुक नाही. गवताची मुळं एकदा तुटली की पावसात माती तिथूनच वाहून जाते आणि पुढच्या वर्षी तिथे घळ पडलेली असते. ज्या टेकड्यांच्या जिवावर आपण कोथरूडकर 'आमच्याकडे हवा चांगली' म्हणून मिरवतो त्यांचीच साल काढायची, याला शौक म्हणत नाहीत. जिथे गाडीवाट आधीपासून आहे तिथेच जावं. एवढं मी भाच्याला खालापणाच्या हक्काने बजावलेलं आहे. बाकी त्याच्या अम्मीला मी सांगते की चांगलं हेल्मेट आणि गुडघ्यांची ढोपरं यांवर पैसे घाल, ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमावर घालण्यापेक्षा बरे.

पिअर्टचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. २००० साली त्याने कॅरी नटल या छायाचित्रकार बाईंशी लग्न केलं. दोघे साथीदार तोवर थांबून होते. त्यांनी दुसरा ड्रमवादक शोधला नाही, घाई केली नाही. २००२ साली तिघांचा नवा अल्बम आला आणि ते पुन्हा दौऱ्यावर निघाले. दौऱ्यातलं मोटारसायकलचं वेडही तसंच पुन्हा सुरू झालं. २००९ साली मुलगी झाली, ऑलिव्हिया. पुढे खांदे दुखायला लागले, पाय साथ देईनात. १ ऑगस्ट २०१५ला लॉस एंजेलिसला शेवटचा कार्यक्रम झाला. ऑलिव्हिया तेव्हा लहान होती आणि शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची की माझे बाबा निवृत्त ड्रमर आहेत. हे तो स्वतः मोठ्या खुशीने सांगत असे.

नंतर त्याला मेंदूचा कॅन्सर झाला. साडेतीन वर्षं. ७ जानेवारी २०२० रोजी तो गेला तेव्हा जगाला बातमीच नव्हती. तीन दिवसांनी कळलं. साडेतीन वर्षं त्याच्या दोस्तांनी तोंड उघडलं नाही, कारण त्याने तसं मागितलं होतं. आपल्याकडे कोणी हॉस्पिटलात भरती झालं की लिफ्ट वर जायच्या आत खानदानाच्या ग्रुपवर सलाइनचा फोटो येतो. त्या दोस्तांचं मला म्हणूनच जास्त नवल वाटतं.

त्या शेवटच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण भाच्याने मला दाखवलं. चाळीस वर्षं पिअर्टने एक शिस्त पाळली होती. रंगमंचावरची त्याची जागा ड्रमच्या मागे, पुढची जागा बाकीच्या दोघांची. ती रेघ तो कधी ओलांडायचा नाही आणि काम झालं की थेट निघून जायचा. त्या रात्री शेवटचं गाणं संपलं आणि तो उठला. मागच्या दाराकडे न जाता ड्रमच्या बाजूने पुढे आला, दोन्ही मित्रांच्या खांद्यांवर हात टाकले आणि लोकांसमोर उभा राहिला. डोक्यावर नेहमीची गोल टोपी होती. चेहरा पूर्ण उघडा.